हार्यूचं जुनं धनुष्य

६ सप्टेंबर

ओन्नी,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे धाकट्याला पाझर फुटला असं समजू नकोस. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास, आणि समोर आलो असतो तर मीच काहीतरी फेकून मारलं असतं.

काल कोंबड्यांचं खाद्य आणायला दुकानात गेलो होतो. गल्ल्यावरचा माणूस हसू दाबत होता. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "तू धनुष्य घेतलंस असं ऐकलं. तुझा भाऊ परवा इथेच होता." मग काय म्हणाला माझा भाऊ? तो सांगेना. मी पोतं खांद्यावरून खाली ठेवलं आणि म्हटलं, आता ऐकल्याशिवाय हलत नाही. तेव्हा त्याने सांगितलं. तू चार माणसांत म्हणालास, "व्हर्नरला धनुष्य कशाला? त्याला 'जा' म्हणणारा म्हातारा आता आहे कुठे?"

ऐकून डोक्यात तिडीक गेली माझ्या. मला नंदीबैल म्हण, बिनडोक म्हण, जन्मभर म्हणतच आलायस. पण येत्या जानेवारीत बाबांना जाऊन अकरा वर्षं होतील, आणि तू अजून त्यांच्यावर टोमणे मारतोस, तेही कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात. झालं काय होतं एवढं? बाबांचा बाण हरणाच्या पोटात लागला. पोटात लागला तर आठ तास बसून राहायचं, तोवर मागावर जायचं नाही, हे मलाही ठाऊक होतं. बाबा मला चाळीस मिनिटांत 'जा' म्हणाले. मी गेलो, हरिण उठलं, दलदलीत शिरलं आणि सापडलं नाही. त्यावरून तू बापाचं तोंड बघायचं सोडलंस.

आता धनुष्याचं ऐक, म्हणजे दुकानात सांगायला तुला खरा मसाला मिळेल.

जूनमध्ये रस्ते खात्यातून निवृत्त झालो. एकतीस हिवाळे बर्फ ढकलला. जुलैभर घरात बसून कुत्रीशी बोललो, ऑगस्टात कुत्री मला बघून उठून जायला लागली. तेव्हा चर्चच्या फळ्यावर लेम्पी हार्यूची चिठ्ठी दिसली: नवऱ्याचं धनुष्य, चाकांचं, चालू स्थितीत, पंच्याऐंशी डॉलर. माझं मी त्याच वर्षी विकलं होतं, तुला माहीत आहे. वाटलं, बघून तर येऊ.

गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं, बर्फाच्या फावड्याशेजारी. मुठीवरचा रंग हार्यूच्या हाताने उडालेला. वीस वर्षांचं तरी असेल. लेम्पी म्हणाली, "त्याला जाऊन चार वर्षं झाली. गाडी काढताना मी रोज ह्याला 'येते हं' म्हणते. आता कंटाळा आला."

मी उतरवलं आणि ओढायला गेलो. तिथेच फसलो. हार्यू सव्वासहा फूट, आणि ओढ त्याने सत्तर पाउंडांवर ठेवलेली. चाकांच्या धनुष्याचं तुला काय सांगायचं, मधला टप्पा जिवावर येतो. तो ओलांडला की चाकं फिरतात आणि हातात वजनच राहत नाही. मी मधल्या टप्प्यातच अडकलो. खांद्यात कळ गेली. आणि बाण नसताना दोरी सुटली तर धनुष्याच्या चिंधड्या होतात, हे आपण चड्डी सांभाळत फिरायचो तेव्हापासून ऐकलेलं.

"सोडू नकोस," लेम्पी म्हणाली. "सोडलंस तर विकत घेतलंस."

कमरेत वाकून, झोकांड्या खात, कशीबशी दोरी जागेवर आणली. ती फ्रीजला टेकून बघत होती. "आता तरी घेणार का?"

"घेणार."

"पुरुष," ती म्हणाली, आणि कीव येऊन पंधरा डॉलर कमी केले.

निघताना तिने सांगितलं की तिची लाकडं दर वर्षी तूच फोडून देतोस. मी म्हटलं, मग माझ्या नावाने शंख करत असेल. "छे," ती म्हणाली, "तो तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. तुझ्याबद्दल बोलतच नाही."

तर हे असं आहे. माझी काय टिंगल करायची ती कर. बाबांना मध्ये ओढू नकोस. पुन्हा ऐकलं तर त्याच दुकानात येऊन तुझी गचांडी धरीन, वय बघणार नाही.

व्हर्नर


१६ सप्टेंबर

ओन्नी,

दहा दिवस झाले. चार मैलांवरून उत्तर यायला दहा दिवस लागत नाहीत. म्हणजे द्यायचं नाहीये. ठीक आहे, माझ्याकडे कागद भरपूर आहे.

धनुष्य डेलबर्टच्या धनुष्यांच्या दुकानात नेलं. त्याने आधी ते टेबलावर ठेवून नुसतं पाहिलं, नुकतीच मेलेली म्हातारी बघावी तसं. मग कापसाचा बोळा घेऊन दोन्ही पात्यांवरून सावकाश फिरवला. पात्याला बारीक तडा असला तर तिथे कापूस अडकतो. कापूस कुठे अडकला नाही. "हार्यूने कधी रिकामी दोरी सोडलेली नाही," डेलबर्ट म्हणाला. "तूही सोडू नकोस." दोरी नवी घातली, माझ्या हाताला बेतून ओढीची लांबी कमी केली आणि वजन बावन्न पाउंडांवर आणलं. म्हणाला, "माझी मेहुणी पंचावन्न ओढते." मी म्हटलं, तुझ्या मेहुणीने एकतीस वर्षं बर्फाचा नांगर लावलेली गाडी चालवलीय का? एक गोष्ट मात्र त्याने बजावली: धनुष्य मंद आहे, आणि आवाज करतं. नव्या धनुष्याचा बाण जितक्या वेळात पोचतो त्याच्या दीडपट वेळ हे घेणार. "अगदी जवळून, आणि हरिण स्थिर असेल तरच," म्हणाला.

रोज सकाळी अंगणात कागदी थाळी लावतो. आता वीस पावलांवरून पाचातले पाच थाळीत जातात. खांदा बर्फाने शेकतो आणि पुन्हा उभा राहतो. हे तुला सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. गोड बोलतोय असं समजू नकोस.

कारण मला तुझे ते अकरा आठवडे विसरता येत नाहीत. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तू एकदाही बाबांच्या दारात आला नाहीस. मी रोज जायचो. पेपर वाचून दाखवायचो, शनिवारी सौनाच्या वाफेत पाठ चोळून द्यायचो, मणके मोजता येत होते. अंगणात गाडी वाजली की ते खिडकीकडे बघायचे. पत्रवाला असायचा, नाहीतर शेजारचा. तू नसायचास. थँक्सगिव्हिंगला नाही, ख्रिसमसला नाही. चार मैल, ओन्नी. आपली कुत्रीसुद्धा चार मैल चालत घरी आली असती.

आणि शेवटी आलास तो चर्चच्या तळघरात, प्रेतयात्रेनंतरच्या कॉफीला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एका हरणासाठी बापाला टाकलंस, आता केक खायला आलास." तू कप खाली ठेवलास आणि गेलास. मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटतं? अजिबात नाही. आजही तेच म्हणेन. आणि समजा, बाबा म्हणाले 'जा', तर काय आभाळ कोसळलं? आयुष्यभर ज्याने आपल्याला थांबायला शिकवलं, त्याला म्हातारपणी एकदा थांबता आलं नाही. तुला तेवढं पोटात घालता आलं नाही.

आणखी एक. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मी रानातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पवर जाणार आहे. दहा वर्षं दर ऑक्टोबरात तो तू एकट्याने वापरलास, मी हूं की चूं केलं नाही. पण कागदावर तो कॅम्प दोघांचा आहे. तू तिथे असलास तर आपण भांडू. नसलास तर बरंच.

व्हर्नर


२ ऑक्टोबर, कॅम्पवरून

ओन्नी,

म्हणजे पत्रं वाचतोस तर.

काल दुपारी पोचलो. तू नव्हतास. लाकडं फोडून भिंतीला रचलेली, बर्चची वेगळी, मेपलची वेगळी. धुरांडं साफ केलेलं. उंदरांची घरटी काढून गाद्या झटकलेल्या. कॉफीचा डबा भरलेला. टेबलावर चिठ्ठी आहे का बघितलं, डब्याखालीसुद्धा बघितलं. नाही.

हा काय प्रकार आहे? उपकार करायचेत तर तोंडाने बोल. भांडायचंय तर ये आणि भांड. माणूस शिव्या द्यायच्या तयारीने येतो आणि समोर फोडलेली लाकडं. त्यांना काय शिव्या देणार?

रात्री पेटवली आणि ऊब लागली, तरी चिडचिड गेली नाही. वेलदोड्याचा निसू पाव बरोबर आणला होता, तोही तसाच बांधून ठेवला.

चुलीवरच्या फळीवरचं पेन्सिलीचं लिखाण वाचलं. १९५८ पासूनची सगळी हरणं: साल, कुणी मारलं, शिंगांना किती टोकं. अकरा वर्षांत मी इथे पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे बाबांनी त्या दिवशी लिहिलेली शेवटची ओळ मी काल पहिल्यांदा पाहिली. तू दर वर्षी बघत आलायस. तिच्याबद्दल आज बोलत नाही.

उद्या मचाणावर बसतो. पाइनवरच्या नव्हे, ओढ्याकडच्या मेपलवरच्या.

व्हर्नर


४ ऑक्टोबर, कॅम्प. सकाळचे पावणेनऊ

ओन्नी,

लागला. जिथे लागायला नको तिथेच लागला.

पावणेआठला नर आला, आठ टोकांचा, मानेने जाड. अठरा पावलांवर उभा राहिला, आडवा, जमिनीला नाक लावून. मी ओढलं. मधला टप्पा गेला, चाकं वळली, हात स्थिर. नेम धरायचा ठिपका खांद्यामागे बसला. एवढं सगळं नीट झालं. दोरी सोडली आणि त्याच क्षणी त्याने पुढे पाऊल टाकलं. हार्यूचं हे धनुष्य रिकाम्या डब्यासारखं वाजलं आणि बाण आपला निवांत गेला. नवं धनुष्य असतं तर पाऊल पडायच्या आत पोचला असता. डेलबर्टने सांगितलं होतं, स्थिर असेल तरच. माझ्या डोळ्याला तो स्थिर दिसला, कारण मला तो तसा दिसायला हवा होता.

पाठ वर काढून, शेपूट खाली पाडून तो चालत गेला. पळाला नाही. या चालीचा अर्थ तुला सांगायला नको. बाबांचं हरिण असंच गेलं होतं, याच ओढ्याकडे, आणि बाणही तिथेच लागला होता, इकडचा तिकडे बोटभर.

उतरलो. बाण उचलला नाही, तिकडे बघितलंसुद्धा नाही. उलट्या वाटेने कॅम्पवर आलो आणि दार लावून घेतलं. चार वाजेपर्यंत बाहेर पडायचं नाही. समोर घड्याळ आहे. ते उचलून चुलीत टाकावंसं वाटतंय.


साडेदहा

आभाळ भरून आलंय. सकाळपासून उकडत होतं, ऑक्टोबरात असं उकडलं की पाऊस ठरलेला. पाऊस आला तर रक्ताचा माग धुऊन जाईल. मग त्या सीडरच्या गचपणात काय शोधणार, माझं कपाळ?

दोनदा बूट घातले आणि काढले. आत्ता गेलो तर माग आहे. हरिण बसलं असेल तर उठून पळेल, हे कळतंय. पण मेलंही असेल. कुणाला माहीत? नुसतं बाणापर्यंत जायचं, बाण बघायचा आणि परत यायचं. त्यात काय बिघडतं?

ओन्नी, हे वाक्य मी आधी एकदा मनात म्हटलेलं आहे. शब्दाला शब्द हेच.


सव्वाअकरा

पाऊस लागलाय. छपरावर ताशा वाजतोय. गेला माग. आता बसलोच आहे, तर लिहितो.

बाबांनी मला 'जा' म्हटलं नव्हतं.

त्या सकाळी तू दक्षिणेच्या मचाणावर होतास. बाबा जमिनीवर, मेपलखाली खुर्चीत, मी त्यांच्यामागे दहा पावलांवर. त्यांनी बाण सोडला, हरिण पाठ काढून गेलं, आणि ते स्वतःच म्हणाले, "पोटात. दुपारपर्यंत बसायचं. कॉफी काढ." दोघांनी कॉफी प्यायली. मग त्यांचा डोळा लागला. मी चाळीस मिनिटं बसलो. वाटलं, नुसता बाण बघून येऊ. बाण हिरवट होता, वास मारत होता. म्हणजे तिथूनच मागे फिरायचं. पुढे एक थेंब दिसला. त्याच्यापुढे आणखी एक. मला वाटलं, म्हातारा जागा होईल तेव्हा त्याचं हरिण त्याच्या पायाशी आणून टाकू. तू यायच्या आत. हे 'तू यायच्या आत' मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. जन्मभर सगळं आधी तूच आणून टाकायचास.

साठ पावलांवर ते झुडपात बसलेलं होतं. मला बघून उठलं आणि ओढा ओलांडून दलदलीत शिरलं. त्याने मागे वळून बघितलं वगैरे काही नाही. गेलंच.

परत आलो तर बाबा जागे होते आणि तू उभा होतास. तू विचारलंस, "कुणी सांगितलं होतं जायला?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "बाबांनी." पन्नास वर्षांचा घोडा होतो मी तेव्हा. मोठ्या भावाच्या धाकाने लहान मुलासारखा खोटं बोललो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. आणि ते तुला म्हणाले, "मला थंडी वाजायला लागली होती."

बास. एवढंच बोलले. आणि तू त्यांच्यावर तुटून पडलास. "आम्हाला जन्मभर शिकवलंत, थांबा म्हणून, आणि स्वतःला अर्धा तास थंडी सोसली नाही? जनावर कुजत मरेल तिकडे." ते ऐकून घेत होते. मी शेजारी उभा होतो, कॉफीचा थर्मास हातात धरून. तीन दिवस दलदल तुडवली, हरिण सापडलं नाही, आणि तू गाडीत बसून निघून गेलास ते आलाच नाहीस.

आणि फळीवर त्यांनी स्वतःचं नाव घालून लिहिलंय: "नेस्टर. नर. पोटात लागला, हरवला. चूक माझी." खोटं माझं, सही त्यांची. दर वर्षी तू ते वाचून आणखी कडू झाला असशील. पहिल्या रात्री वाचल्यावर मी खोडायला रबर शोधत होतो. मग स्वतःची लाज वाटली. माझं लिखाण असतं तर खोडलं असतं. त्यांचं खोडणारा मी कोण?

आणि मी काय केलं इतकी वर्षं? तळघरात सगळ्यांसमोर तुझी अब्रू काढली. गेल्या महिन्यात दोन पत्रांत तुला झोडपलं. बापाला टाकलंस म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तू बापाला टाकलं नव्हतंस. मी तुम्हा दोघांच्या मध्ये खोटं टाकलं होतं.

पण ऐक, मी तुझ्यावर अजूनही चिडलेलो आहे, आणि हे खोटं नाही. तुला कळायला हवं होतं. तो माणूस उणे वीसमध्ये हातमोजे न घालता बर्फावर भोक पाडून मासे धरायचा. आयुष्यात त्याला कधी थंडी वाजली होती? तू एकदा तरी विचार करायचा होतास, हे म्हातारं असं का बोलतंय. माझ्यावर विश्वास ठेवायची तुला सवय नव्हती, ओन्नी. नेमका त्याच दिवशी कसा ठेवलास?


दोन वाजून दहा मिनिटं

पाऊस थांबला. बाहेर सगळं धुतलेलं. एक कावळा ओढ्याकडे ओरडतोय. कावळा तिकडे का ओरडतोय, ते मला कळतंय असं वाटतं, आणि मला काहीच कळत नाही हेही माहीत आहे. बूट दाराशी आहेत. इकडे बसून दात खातोय. अजून दोन तास.


पावणेसहा, तुझ्या घरासमोर, गाडीत

चार वाजून पाच मिनिटांनी निघालो. माग नव्हता, रक्ताचा एक थेंब नव्हता. शोधायची वेळच आली नाही. सत्तर पावलांवर, पहिल्याच बैठकीत, सीडरच्या बुंध्याशी पडलेलं होतं. तिथे बसलं आणि तिथेच गेलं. जागेवरून हललेलंसुद्धा नाही. बाबांचंही असंच सापडलं असतं, दुपारी, तुझ्या-माझ्यासमोर, आणि ते खुर्चीतून उठून बघायला आले असते. मी तिथे ओल्या जमिनीवर बसलो आणि मोठमोठ्याने रडलो. कुणाला सांगू नकोस.

शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, पोट साफ केलं. एकट्याने ओढून पाहिलं, चार पावलांत खांदा गेला. मांस या उकाड्यात फार टिकणार नाही. तुझ्याकडे मदत मागायला आलोय असं म्हणता येईल. पण मी त्याशिवायही आलो असतो, कारण एक गोष्ट राहिलीय, आणि ती मी कॅम्पवर लिहू शकलो नाही.

त्या नव्या वर्षाच्या सकाळी बाबांनी मला विचारलं, "सांगितलंस का ओन्नीला?" इतक्या आठवड्यांत तेव्हा एकदाच. कशाबद्दल ते म्हणाले नाहीत. मी म्हणालो, "उद्या सांगतो." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, फक्त गाडी वाजली तेव्हा खिडकीकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी तुला सांगत आलो की ते तुझी वाट बघत होते. ते माझी वाट बघत होते, ओन्नी, मी त्यांच्या शेजारी बसलेला असताना. मी सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी आला असतास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय, तू सिंकपाशी उभा दिसतोयस. पत्र पेटीत टाकणार नाही. दार वाजवून हातात देतोय. तू वाचेपर्यंत पायरीवर उभा राहीन. वाचून दार लावून घेतलंस तरी उभाच राहीन.

व्हर्नर